शालू, टोप आणि फिशपाँड

डिसेंबर लागला की शाळांचे शिक्षक आमच्या ड्रेपरीत यायला लागतात. मावळ्यांचे अंगरखे, कोळ्यांच्या टोप्या, जिरेटोप, भारतमातेचा मुकुट अशी यादी वाचून होते, डिपॉझिट मोजून होतं, आणि निघता निघता एखादे सर आवाज खाली आणून म्हणतात, “आणि एक नऊवारी लागंल. आमच्यात एक जरा नाजूक पोरगा आहे, त्यालाच उभा करतोय.” असा पोरगा बहुतेक शाळांत असतो आणि तो कोण, हे शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत त्याचं काय होतं, ते कुणी बोलत नाही. मला ते सांगता येतं, कारण सत्तरच्या दशकात मिरजेतल्या एका हायस्कुलात तो पोरगा मी होतो.

आमच्या भागात पोरानं साडी नेसून उभं राहण्याला मोठा मान होता, हे आधी सांगायला हवं. १८४३ साली सांगलीत, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभं केलं. त्यातली सीता पुरुषच होता. पुढं नव्वद वर्षं मराठी रंगभूमीवरच्या जवळजवळ सगळ्या नायिका पुरुष होते. किर्लोस्करांच्या कंपनीतल्या भाऊराव कोल्हटकरांना लोक लाडानं ‘भावड्या’ म्हणायचे. १९०५ साली नारायण राजहंस नावाचा सतरा वर्षांचा पोरगा शकुंतला होऊन पहिल्यांदा उभा राहिला, तो आमच्या मिरजेत. बालगंधर्व म्हणजे तोच. ‘मानापमान’मधली भामिनी, ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी, ‘एकच प्याला’मधली सिंधू ही त्यांची कामं बघायला बायका येत, आणि पदर कसा घेतला, गजरा कुठं माळला, हे बघून घरी जाऊन तसंच करत. एका पुरुषाला बघून महाराष्ट्रातल्या बायका साडी नेसायला शिकल्या, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

पडद्यावरही तेच. फाळक्यांच्या १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले ते अण्णा साळुंके, मूळचे खानावळीतले आचारी. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर रामही तेच आणि सीताही तेच.

ही नावं मी घेतोय ती त्यांना माझ्या पंगतीला बसवायला नव्हे. बालगंधर्व संसारी होते, बाकीचेही बहुतेक होते, आणि कुणाच्या मनात काय होतं ते चाचपायचा मला अधिकार नाही. मुद्दा वेगळा आहे. त्या काळी एखाद्या पोराचा गळा गोड असला, चालणं हलकं असलं, तर त्याच्याकडं बोट दाखवून म्हणायला लोकांकडं एक मोठं नाव होतं.

आमच्या दुकानाचे जुने मालक, त्यांना सगळे आप्पा म्हणत, लहानपणी एका फिरत्या नाटक कंपनीत स्त्रीपार्ट करायचे. सफेदा, पिवडी, हिंगूळ खलून रंग कसा करायचा, टोपाला गंगावन कसं जोडायचं, हे ते त्या वयातच शिकले. मी दुकानात कामाला लागलो तेव्हा ते सत्तरीला आले होते. पान लावता लावता एकदा म्हणाले, “आमच्या वेळी पोराला म्हटलं, अगदी नारायणरावांसारखा दिसतोस, तर पोरगं आठ दिवस हवेत असायचं. आता तसं म्हटलं तर रडत घरी जातंय. मधे काय झालं रे?”

मला वाटतं मधे दोन गोष्टी झाल्या. पहिली गोष्ट चांगलीच होती. हिराबाई बडोदेकरांसारख्या बायका रंगमंचावर आल्या, आणि १९३३ साली नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’त बायकांची कामं बायकांनी केली. ते व्हायलाच हवं होतं. निम्म्या जगाला स्टेजवर चढू न देता त्यांच्या नावानं पुरुषांनी टाळ्या घ्यायच्या, यात न्याय नव्हता. शिवाय त्या कंपन्यांमध्येही सगळं गोड नव्हतं. दहा-बारा वर्षांची पोरं घर सोडून यायची, शाळा बुडायची, आवाज फुटला की दुधाची वाटी बंद व्हायची आणि पोरगा पडद्याच्या दोऱ्या ओढायला जायचा. आप्पा रात्रीच्या मुक्कामांविषयी कधी बोलत नसत. एकदाच म्हणाले, “धर्मशाळेच्या खोल्यांना कडी नसायची.” मी पुढं विचारलं नाही.

पण बायका आल्यावर साडीतल्या पुरुषाला एकच काम उरलं, लोकांना हसवायचं. दुसरी गोष्ट घडली ती तमाशात, आणि तिथं ती जरा आधीच घडली होती. पवळा पठ्ठे बापूरावांच्या फडात उभी राहिली आणि तिच्यासारख्या बायका नाचू लागल्या, तेव्हा पूर्वीपासून बाईचं काम करणारा नाच्या पोऱ्या कडेला सरकला. तो सोंगाड्याच्या शेजारी उभा राहून मान वेळावणारा, टाळी पिटणारा इसम झाला. १९५९ साली अनंत मान्यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला, पुण्याच्या विजयानंदला तो सव्वाशेहून जास्त आठवडे चालला आणि तमाशापटांची रांग लागली. त्या रांगेतल्या चित्रपटांत नाच्या म्हटला की कोल्हापूरचे गणपत पाटील. काम असं चोख की माणूस हसून हसून लोळायचा. जत्रेतल्या तंबूत ते चित्रपट बघून आलेली पोरं दुसऱ्या दिवशी शाळेत काय करणार?

मला ‘गणपत पाटील’ हे नाव पाचवीतच मिळालं. आधी बायल्या, मग गणपत पाटील, मग मुंबईहून सुट्टीला आलेल्या कुणीतरी ‘छक्का’ आणलं ते. वर्गात शिरलो की मागच्या बाकावरून ती एक विशिष्ट टाळी. गणिताच्या सरांना फळ्याकडं तोंड करून हसू आवरायची सवय होती, पाठीवरून कळायचं. पी.टी.चे सर उघडपणे म्हणायचे, “ए बाई, कवायतीत नीट चाल.” आता जे म्हणतात की पूर्वी हे असलं नव्हतं, मोबाइलनं मुलं बिघडली, त्यांनी त्या काळच्या कुठल्याही मुलांच्या शाळेत मधल्या सुट्टीत मुतारीमागं उभं राहून बघायला हवं होतं. मी तर तिकडं जातच नसे. सकाळी घरून निघताना पाणी प्यायचं नाही आणि दुपारी घरी जाईपर्यंत कळ काढायची, हा माझा नियम.

असे नियम त्या पोरांकडं पुष्कळ असतात. पुढं अशी कितीतरी माणसं भेटली, काही माझ्या वयाची, काही माझ्याहून खूप लहान. प्रत्येकाची हत्यारं जवळपास तीच. प्रार्थनेची घंटा वाजताना शाळेत शिरायचं, आधी नाही. घरी जाताना रोजचा रस्ता धरायचा नाही. वर्गातल्या सगळ्यात दांडग्या पोराशेजारी बसायचं. माझ्या शेजारी तालमीतला एक पोरगा होता, त्याच्या भूमितीच्या आकृत्या मी काढायचो आणि त्यानं एकदाच सगळ्यांना सांगून टाकलं, “याला हात लावायचा नाही.” हात कुणी लावला नाही. तोंडाला त्याचा हुकूम लागू नव्हता, आणि तो स्वतःही मला त्याच नावानं हाक मारायचा. तो त्याचा हक्क समजायचा. ड्रॉइंगच्या सरांची खोली हा दुसरा आसरा. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या परीक्षांचं निमित्त असायचं, पण खरं कारण असं की मधल्या सुट्टीत त्या खोलीला आतून कडी लावता यायची. सर काही विचारत नसत. किल्ली कुठं ठेवलीय ते फक्त त्यांनी मला दाखवून ठेवलं होतं.

आणि शेवटचं हत्यार म्हणजे आपणच आपली नक्कल करायची. पोरं म्हणाली, ‘गणपत पाटील कर,’ की मी करायचो. कंबरेवर हात, मान तिरकी, ‘अगं बया!’ हशा व्हायचा. लोक हसणारच आहेत, तर कधी हसायचं ते निदान आपण ठरवलं, एवढंच समाधान त्यात होतं. आजही कुणी शाळकरी पोरगा असं करताना दिसला की लोकांना तो धीट वाटतो. मला तो दमलेला दिसतो.

मग यायचं गॅदरिंग. या एका दिवसाविषयी मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण स्नेहसंमेलन ही आपल्या शाळांची लाडकी परंपरा आहे आणि तिच्यात फिशपाँड नावाचा एक प्रकार होता, काही ठिकाणी अजून आहे. जुने लोक त्याला शेलापागोटे म्हणत. आठवडाभर आधी ऑफिसबाहेर एक डबा ठेवतात. त्यात कुणीही निनावी चिठ्ठी टाकायची, कुणाविषयीही, चारोळीत किंवा एका ओळीत. गॅदरिंगच्या रात्री माइकवरून नाव पुकारून ती वाचायची. ज्याच्यावर ती आहे त्यानं स्टेजवर जायचं आणि सोबतची वस्तू घ्यायची. जाड्याला दोरीवरच्या उड्यांची दोरी, काळ्याला पावडरचा डबा, अशी विनोदबुद्धी. चिठ्ठ्या आधी शिक्षक चाळत. म्हणजे जे वाचलं जायचं ते शाळेच्या मान्यतेनं. वर्षभर मागच्या बाकावरून जे दबक्या आवाजात चालायचं, ते त्या रात्री पालकांसमोर, पाहुण्यांसमोर, लाउडस्पीकरवरून व्हायचं आणि त्याला संस्कृती म्हणायचे.

मी नववीत असताना एका नाटिकेत माझ्याकडं बाईचं काम आलं. आप्पांच्या दुकानातून शालू आला, टोप आला. माझं काम बघताना बायका रडल्या, हे मला नंतर आईनं सांगितलं; पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी तर पाच रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. तासाभरानं फिशपाँड सुरू झाले. माझं नाव आलं. रंग अजून पुरता उतरला नव्हता. चिठ्ठीत काय होतं ते लिहीत नाही, यमक मात्र बरं जुळलं होतं. वस्तू होती डझनभर हिरव्या बांगड्या. मगाशी रडलेलेच लोक आता हसत होते. मी त्या बांगड्या घेतल्या आणि खाली उतरलो. त्या बहिणीला दिल्या, तिनं त्या वर्षभर वापरल्या.

त्या रात्रीनं मला एक गोष्ट शिकवली, ती नीट मांडायला मात्र बरीच वर्षं गेली. लोकांना साडीतला पुरुष चालतो. अट अशी की साडी उतरल्यावर तो त्यांच्या हिशेबातला पुरुष निघाला पाहिजे. बालगंधर्वांचे चाहते आवर्जून सांगतात, ते घरी कसे कर्ते पुरुष होते. गणपत पाटलांना लोक खरोखरच ‘तसे’ समजत आणि त्याचा त्यांना जन्मभर जाच झाला. त्यांच्या बाजूनं बोलणारे काय म्हणत? अहो, मुलाबाळांचा गृहस्थ आहे तो! २००८ साली ते गेले तेव्हाही हेच बोललं गेलं. आनंद यादवांच्या ‘नटरंग’वरचा चित्रपट २०१० च्या पहिल्याच दिवशी आला. अतुल कुलकर्णींचं काम बघून मी थिएटरात बसूनच राहिलो होतो. पण त्यातला गुणाही मुळात कसलेल्या शरीराचा गडी, बायकापोरांचा. नाच्या होणं हा त्याचा त्याग. प्रेक्षक त्याच्यासाठी हळहळतात ते तो ‘खरा मर्द’ आहे म्हणून. हा सगळा बचाव ज्याला लागू होतो त्याला होवो. वर्गातल्या ज्या पोराला मुली आवडत नाहीत, ज्याची चाल स्टेजवरून उतरल्यावरही तीच राहते, त्याच्या बाजूनं बोलायला यातलं एकही वाक्य उपयोगी पडत नाही. मला पुरुष आवडतात. मी संसारी गृहस्थ नाही. मग बांगड्या बरोबर होत्या का?

आमच्या भागात अशा पोराला आणखी एक वाट होती, तीही सांगतो. आमच्या मागच्या गल्लीतला एक पोरगा, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, माझ्याहून नाजूक. आठवीत त्यानं शाळा सोडली. घरच्यांनी त्याला सौंदत्तीला नेऊन यल्लम्माला सोडला. वर्षभरानं तो दारात आला तेव्हा साडी नेसलेला, डोक्यावर देवीचा जग, बरोबरच्याच्या हातात चौंडकं. ज्या पोरांनी त्याला वाटेत अडवून रडवलं होतं त्यांच्या आया त्याच्या पाया पडल्या. टोमणे बंद झाले हे खरं. शाळाही बंद झाली, आणि पुढचं सगळं आयुष्य परडीत पडेल त्यावर. ‘जोगवा’ चित्रपट २००९ साली आला, तेव्हा शहरातल्या लोकांना ते पहिल्यांदा कळलं. आम्हाला ते शेजारी म्हणून ठाऊक होतं.

म्हणजे हायस्कूलमधल्या त्या पोरापुढं तीन जागा होत्या: स्टेज, देवी, नाहीतर गप्प बसणं. विचारायची जागा कुठंच नव्हती. ती एकदा होती, हे मला चाळिशीत कळलं. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि १९५३ साली वारले तोवर चालवलं. त्यात वाचकांचे प्रश्न असत, ज्यांची लाज वाटते असे, आणि कर्वे त्यांना नाक न मुरडता उत्तरं देत. हस्तमैथुनावर आणि समलिंगी संबंधांवर दिलेल्या अशाच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूनं उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोक प्रश्न विचारतात, तर जाणकारानं उत्तर का देऊ नये, अशी त्यांची बाजू होती. खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. जुनं ते सगळं मागासलेलं आणि नवं ते सुधारलेलं, हा हिशेब मला या खटल्यापासून पटेनासा झाला. मी हायस्कुलात होतो तेव्हा या प्रकाराला चाळीसहून जास्त वर्षं उलटली होती आणि आमच्या शाळेच्या ग्रंथालयात मला उत्तर देईल असं एक पान नव्हतं. १९८१ साली तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक आलं, बाईवर प्रेम करणाऱ्या मुलीचं. ते मी वाचलं तेव्हा दहावी कधीच उरकली होती, आणि त्यातली मित्राही जगत नाही.

मला जगायला जागा मिळाली ती योगायोगानं. शालू परत करायला गेलो तेव्हा मी तो नीट चौघडी करून, जरीची बाजू आत घेऊन नेला होता. आप्पांनी तो उलगडला, बघितला, आणि विचारलं, “कुणी शिकवलं?” कुणीच नाही. “उद्यापासून शाळा सुटल्यावर येत जा.” बस्स. ना त्यांनी मला काही समजावलं, ना मी त्यांना काही सांगितलं. पण शाळा सुटल्यावर जायला एक ठिकाण झालं, जिथं माझ्या हातांची चेष्टा होत नसे, त्यांना काम मिळे. अशा पोरांसाठी काय करावं, असं आजकाल मला कुणी शिक्षक विचारतात. मी म्हणतो, भाषण नको. शाळा सुटल्यावर जायला एक जागा आणि हाताला एक काम द्या. आधी तेवढं करा.

कायद्याचं मी पेपरात वाचत आलो. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाचे दात काढले, २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं ते परत बसवले, ६ सप्टेंबर २०१८ ला कायमचे काढले. त्या दिवशी दुकान अर्ध्या दिवसानं बंद केलं, पेढे आणले, बहिणीच्या घरी दिले. भाचीनं विचारलं, कशाचे? सांगितलं. तिनं दोन खाल्ले. २०१६ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक कल आणि लिंगओळख यांवरून छळणंही घातलं, ही मोठी गोष्ट. पण आयोगाचा अंमल कॉलेजांपासून पुढं. पाचवी ते दहावीचा पोरगा त्यात येत नाही, आणि या पोरांना सगळ्यात जास्त सोसावं लागतं ते नेमकं त्याच वर्षांत. २०२१ साली एनसीईआरटीनं शिक्षकांसाठी एक पुस्तिका काढली होती, पारलिंगी मुलांना शाळेत कसं सामावून घ्यावं यावर. गदारोळ झाला आणि ती संकेतस्थळावरून उतरवली.

फिशपाँड आता आमच्याकडच्या पुष्कळ शाळांनी बंद केलेत. कारण मात्र नाजूक पोरगा नव्हे. कुणाच्या तरी जातीवरून, कुणाच्या रंगावरून चिठ्ठी आली, पालक चिडून ऑफिसात गेले, आणि नसती कटकट नको म्हणून डबा उचलला गेला. कशानं का होईना, उचलला गेला. चिठ्ठ्या आता वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडतात, फोटोसकट, आणि त्या चाळायला कुणी शिक्षकही नसतो.

दुकान आता माझ्या नावावर आहे. गॅदरिंगच्या हंगामात मी दोन अटी घालून घेतल्यात. मुलग्यासाठी नऊवारी हवी असेल तर माप द्यायला त्यानं स्वतः यायचं, आणि मी त्याला सरांदेखत नव्हे, पडद्यामागं नेऊन विचारणार, की हे काम तुला करायचंय का. नको म्हणाला तर साडी मिळणार नाही, मी सरांना सांगतो, त्याच्या मापाची शिल्लक नाही. दुसरी अट, साडी नेसायची तर नीट नेसायची. मी नेसवायला येतो, टोपही बसवून देतो, पैसे घेत नाही, पण छातीत फुगे भरून, कंबर हलवून ‘कॉमेडी’ करायची असेल तर माल दुसरीकडून न्यावा. गेल्या हंगामात एक बाई हटूनच बसल्या. म्हणाल्या, “पण मग लोक हसणार नाहीत हो.” मी म्हटलं, “नाही हसणार.” त्या सांगलीच्या दुसऱ्या ड्रेपरीत गेल्या. तिथं भाडंही कमी आहे.